आतल्या रस्त्यानं

आज बोलायचंय सायकलीबद्दल, आणि त्याहून जास्त रस्त्याबद्दल. आम्ही नाशिकच्या पश्चिमेकडच्या, गिरणारे भागातल्या एका बचत गटाच्या बायका. हे बोलणं आम्ही चौघींनी मिळून लिहिलंय, त्यामुळं एखादी गोष्ट दोनदा आली तर सांभाळून घ्या.

आमचा भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. नाशिकहून गंगापूर धरणाच्या कडेनं निघालं की सावरगाव, गंगावऱ्हे ही गावं लागतात. धरणाचं पाणी मागं पसरलेलं, त्याच्याकडेनं चढउताराचा रस्ता आणि बाजूला द्राक्षबागा. खायच्या द्राक्षांच्याही आणि वाइनच्याही. इथं पहिल्या वाइनच्या बागा १९९७ च्या सुमाराला लागल्या, आणि २००० साली इथली वाइन बाजारात आली. आता शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ असते. आमच्या गटातल्या निम्म्या बायकांनी कधीकाळी गावात दारूबंदीसाठी सह्या गोळा केल्यात. त्यामुळं वाइनचं कौतुक आमच्याकडून ऐकायला मिळणार नाही. पण बागेत मजुरी आम्हीच करतो, हेही खरं.

त्या गाड्यांच्या आधी, भल्या पहाटे, सायकलवाले येतात. अंगाला चिकटलेले कपडे, डोक्याला हेल्मेट, बारीक चाकाच्या सायकली. नाशिकला सायकलीचं वेड जुनं आहे. २०१५ साली नाशिकच्या महाजन बंधूंनी, दोघेही डॉक्टर, अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची सायकल शर्यत पुरी केली. ती पुरी करणारी भारताची ती पहिली जोडी. तेव्हापासून तर आमच्या रस्त्यानं सायकली जास्तच दिसायला लागल्या. ही मुलं आम्हाला विचारायची, "मावशी, हा रस्ता पुढं कुठं निघतो? गाड्या कमी असतात का?" आम्ही हसायचो. म्हणायचो, घरी फटफटी असताना ही पोरं मुद्दाम चढावर घाम गाळायला येतात.

मग २०२१ चा नोव्हेंबर आला. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या आणि बसचा संप सुरू झाला. संप करणाऱ्यांनाही पोट होतं, त्यांना आम्ही नावं ठेवत नाही. पण हायस्कूल सहा-सात किलोमीटरवर, आणि वस्तीवरच्या आठवी ते दहावीच्या मुली घरात बसल्या. करोनात दीड वर्ष गेलंच होतं. आता आणखी चार महिने घरी राहिल्या असत्या, तर त्यातल्या दोघी-तिघींचं लग्न ठरलं असतं. हे उगाच म्हणत नाही. एकीला बघायला पाहुणे येऊन गेले होते.

मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या, नाहीतर मोठ्या बहिणींच्या, अशा सायकली काही घरांत पडून होत्या. त्या दुरुस्त केल्या. पण आया पाठवायला तयार होईनात. कारण मुख्य रस्ता. टोमॅटोच्या हंगामात गिरणाऱ्याच्या बाजाराला पिकअप आणि ट्रक सुटतात, सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्या असतात. आमच्या गटातल्या एका वहिनीला अशाच एका गाडीनं कट मारून चारीत लोटलं होतं. हात मोडला, गाडी थांबली नाही.

तेव्हा त्या सायकलवाल्या पोरांचा प्रश्न आठवला. गाड्या कमी असलेला रस्ता कुठला? उत्तर आम्हालाच माहीत होतं, कारण रोज कामाला आम्ही त्याच वाटांनी जातो. दोन शिवांच्या मधला शिवरस्ता, धरणाकडच्या वस्त्यांना जोडणारा अरुंद डांबरी रस्ता, बागेच्या कुंपणाकडेची पाणंद. हे तुकडे जोडले तर हायस्कूल दीड किलोमीटरनं लांब पडत होतं. पण मुख्य रस्ता फक्त एकदा ओलांडायचा होता, तोही वळणावर नाही, सरळ भागात.

आळीपाळीनं दोघी-दोघी मुलींबरोबर जायला लागलो. आमच्यातल्या सहाजणींना सायकलच येत नव्हती. पस्तिशीत, चाळिशीत शिकलो. मोठ्या आत्या तर पन्नाशीच्या. त्यांचे मालक म्हणाले, "आता ह्या वयात पडलीस तर?" आत्या म्हणाल्या, "पडले तर उठीन. तुम्ही चहा करून ठेवा." तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेच्या चळवळीतून हजारो खेड्यातल्या बायका अशाच सायकल शिकल्या होत्या, हे आम्हाला मागाहून एका शिबिरात कळलं. आधी कळलं असतं तर घरी सांगायला बरं पडलं असतं.

आता मुद्द्याचं. शांत रस्ता म्हणजे नकाशावरची बारीक रेघ नव्हे. एकच रस्ता एका वेळेला शांत असतो आणि दुसऱ्या वेळेला जिवावर उठतो. आमच्याकडं हे बागेच्या कामावर ठरतं.

ऑक्टोबर छाटणी झाली की फवारण्या सुरू होतात. डावणी आणि भुरी, हे दोन रोग बागायतदाराची झोप उडवतात. अवकाळी पाऊस पडला किंवा धुकं आलं की सगळ्या शिवारात एकाच वेळी ब्लोअर फिरतात. ट्रॅक्टरच्या मागचा तो पंखा औषधाचा ढग उडवतो, आणि तो ढग कुंपण पाहून थांबत नाही. चढ चढताना तोंडानं श्वास चाललेला असतो, तेव्हाच तो छातीत जातो. पहिल्या महिन्यात दोन मुलींना डोळ्यांची आग, मळमळ झाली. आम्ही बागेत काम करणाऱ्या बायका, फवारलेल्या बागेत लगेच शिरायचं नाही हे आम्हाला ठाऊक होतं. पण रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ते लागतं, हे डोक्यात आलं नव्हतं. मग बागायतदारांकडं गेलो. भांडायला नाही. शाळेच्या वेळा लिहून दिल्या आणि म्हटलं, दादा, रस्त्याकडेच्या ओळी या अर्ध्या तासात सोडा, पोरी गेल्या की मारा. बहुतेकांनी ऐकलं. एकानं नाही ऐकलं, तिथं आम्ही वाट बदलली.

जानेवारी ते मार्च हा काढणीचा काळ. वाइनची द्राक्षं गार असताना तोडतात, म्हणून पहाटेच क्रेट भरलेले ट्रॅक्टर आतल्या रस्त्यांवर निघतात. तेव्हा उलटं होतं. पहाट वाईट आणि दहानंतर रस्ता मोकळा. एप्रिलच्या छाटणीनंतर काड्यांचे बारीक तुकडे रस्त्यावर सांडतात, तारेचे तुकडेही पडलेले असतात, त्या दिवसांत पंक्चर फार होतात. आणि पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरावर येतो. तो वाळल्यासारखा दिसतो, पण पहिल्या सरीला साबणासारखा होतो. तिथं ब्रेक दाबायचाच नाही, आधीच हळू यायचं.

चढाचं म्हणाल तर आमच्या सायकलींना गिअर नाहीत. चढ आला की उतरायचं आणि ढकलायचं, त्यात कसली लाज. खरी भीती उताराची. गिरणाऱ्याच्या पुढं धोंडेगाव, कश्यपीचं धरण, मग वाघेऱ्याचा घाट आणि हरसूल असा रस्ता जातो. सायकलवाल्यांचा हा लाडका रस्ता. आम्ही सातजणी एकदा गेलो होतो. घाट उतरताना एकीच्या मागच्या ब्रेकचं रबर पार झिजलेलं निघालं. तिनं घाबरून नुसता पुढचा ब्रेक दाबला आणि ती हँडलवरून पुढं फेकली गेली. गुडघे फुटले, नशीब एवढ्यावर भागलं. तेव्हापासून आमचा नियम असा: निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढं ढकलून बघायची. चाक फिरलं तर ती सायकल घाटात न्यायची नाही. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सुरुवातीपासून. पदर किंवा ओढणी कमरेला घट्ट खोचायची, आणि चेनकव्हर नसेल तर साडी नकोच.

त्या दिवशी घाटात मात्र एक गोष्ट डोळ्यांना दिसली, जी पिकअपमध्ये दाटीवाटीनं बसून कधी दिसली नसती. पश्चिमेला जावं तसा पाऊस वाढत जातो आणि द्राक्षबागा विरळ होत जातात. मग त्या संपतातच, आणि भात-नागलीची खाचरं सुरू होतात. आवणी उरकली, भात-नागली निघाली की तिकडच्या बायका मजुरीला आमच्या बाजूला येतात. छाटणी, विरळणी, काढणी, सगळं त्यांच्या हातांनी होतं. म्हणजे द्राक्ष तो घाट ओलांडून जात नाही, पण द्राक्षासाठी बायका तो घाट रोज ओलांडतात. एका गाडीत वीस-वीस जणी. आम्ही घाटातल्या शांततेचं कौतुक करत होतो आणि तेवढ्यात अशीच एक भरलेली गाडी शेजारून गेली. आतून कोणीतरी हात हलवला. आम्हीही हलवला. कौतुकाचं बोलणं मग थोडा वेळ बंदच पडलं.

बस पुन्हा सुरू झाल्या, तरी नऊ मुली सायकलनंच जात राहिल्या. जिला पाहुणे बघून गेले होते, ती बारावी झाली. आतल्या रस्त्यासाठी ग्रामसभेत आम्ही दोन मागण्या लावून धरल्या. जिथं मुख्य रस्ता ओलांडतो तिथं गतिरोधक, आणि पाणंदीच्या खोलगट भागात मुरूम. मुरूम पडला. गतिरोधक अजून नाही. दर ग्रामसभेला विचारतो, आणि विचारलं हे वहीत लिहून सही घेतो.

पहाटेच्या सायकलवाल्या पोरांसाठी दोघी बहिणींनी चहा-पोह्यांचं टेबल टाकलंय. ती पोरं अजूनही रस्ता विचारतात. आता आम्ही हसत नाही. "बाळा, आज तिकडून जाऊ नको, काल पाऊस झालाय, ब्लोअर चालू असतील. धरणाकडून जा." ती निमूट ऐकतात.

तुमच्या गावातही असे तुकडे असतील. बाग नसेल, ऊस असेल, तर तोडणीचे महिने बघा. गटाच्या बैठकीत एक कागद घ्या आणि कोणत्या रस्त्यावर कोणत्या वेळेला काय धावतं ते लिहा. म्हाताऱ्या बायकांना विचारा, जुन्या पाणंदी त्यांनाच ठाऊक असतात. मग आधी मुली न नेता दोघींनी जाऊन या, तेही शाळेच्याच वेळेला, रविवारी नाही.

कुणाला आमच्याकडं येऊन बघायचं असेल तर रेडिओ केंद्रावर निरोप ठेवा. पंप आणि पंक्चरचं सामान आमच्याकडं असतं. ब्रेकची रबरं मात्र घरूनच बघून या.