दार अडतं तेव्हा

श्रोतेहो, आम्हा कवींना बंद दारं फार प्रिय. पण घरात म्हातारं माणूस असलं की बाल्कनीचं अडलेलं दार जिवावर बेतू शकतं. दुहेरी काचेच्या दारात दोष बहुधा कुलपाला दिला जातो. वजन तर बघा: ५ मिलिमीटरच्या दोन काचा म्हणजे चौरस मीटरला २५ किलो! त्या ओझ्यानं दार बिजागरीवर खाली बसतं नि कुलपाचे आकडे चौकटीतल्या खाचांना भेटत नाहीत. दार उघडं ठेवून हँडल फिरवा. सहज फिरलं, तर कुलूप शाबूत. कारागीर बिजागरीचा स्क्रू फिरवून दार उचलून देतो. तेव्हाही अडलं, तर आतली यंत्रपेटी बदलायची, तीही त्याच मापाची. जोर लावू नका, त्यानंच पेटी मोडते. अख्खं दार बदला म्हणणाऱ्याला आधी एवढी परीक्षा करून दाखवायला सांगा.