अंकुराची वाढ

(चांदवड तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चांदवडच्या पंचक्रोशीतील मुलाला उळे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. वाफ्यात ते टाकताना त्याने पाहिलेले असते. रोप लावताना आईबरोबर तोही वाकलेला असतो. परंतु कांद्याचा कोंब सरळ वर येत नाही, गुडघा मोडल्यासारखा वाकून येतो, आणि पुष्कळदा बियाचे काळे टरफल टोकाशी घेऊनच ताठ होतो, हे किती मुलांनी पाहिले असेल? वाढ इतकी मंद असते की, डोळ्यांपुढे असूनही ती दिसत नाही. आज कोंब नव्हता, उद्या असतो. मधले सारे निसटते.

हे निसटणारे पकडण्याचा एक प्रयत्न याच जिल्ह्यात जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी केला. त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या दादासाहेबांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली लोकांपुढे आला, हे सर्वश्रुत आहे. त्याआधी, विम्याच्या पॉलिश्या गहाण ठेवून ते लंडनला गेले आणि १९१२ साली कॅमेरा घेऊन परतले. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ थोडी थोडी चित्रे घेतली. त्यांतून ‘अंकुराची वाढ’ हा सुमारे एका मिनिटाचा चित्रपट सिद्ध झाला. बी रुजले, कोंब आला, त्याचा वेल झाला, आणि पाहणाराला ते सारे बसल्या जागी दिसले! त्यांचा हेतू मात्र वनस्पतिशास्त्र शिकविण्याचा नव्हता. चलच्चित्राचे सामर्थ्य पटवून भांडवल मिळवावयाचे होते, आणि ते मिळालेही. राजाराणीच्या आधी पडद्यावर वाटाण्याने काम केले, असे म्हणावयास हरकत नाही.

आज कॅमेरा शिक्षकाच्या मोबाईलमध्येच असतो. दुर्मीळ आहे ती चिकाटी. कुंडी एकाच जागी राहावी, मोबाईल ठेवण्याची जागा खडूने आखावी, वेळ रोज तीच असावी, शेजारी मोजपट्टी उभी करावी. चित्र मुलांनीच घ्यावे आणि वहीत तारीख लिहावी. महिनाभराची चित्रे एकापाठोपाठ भराभर सरकविली की, कोंब हलू लागतो. घेवडा आपली दले घेऊन मातीबाहेर येतो, हरभरा ती मातीतच ठेवतो. हा भेद मग फळ्यावर काढून दाखवावा लागत नाही.

एक मोह मात्र टाळला पाहिजे. रोप मध्येच मेले, तर दुसऱ्या कुंडीतील टवटवीत रोपाचे चित्र त्या जागी बसवू नये. तपासणीच्या दिवशी ते शोभून दिसेल, पण ज्या मुलाने रोज पाणी घातले, त्याला ते खोटे आहे हे ठाऊक असते. मेलेल्या रोपाचेही चित्र घ्यावे. पाणी अधिक झाले की उन्हाचा ताव लागला, याचा शोध मागील चित्रांतच लागण्याचा संभव असतो, आणि शेतकऱ्याच्या मुलाला तो शोध फुकट जात नाही.

उळे रुजावयास आठवडा ते दहा दिवस लागतात. तोवर रोज नुसत्या मातीचे चित्र घ्यावे लागते आणि मुले कंटाळतात. तरीही खंड पडू देऊ नये. रविवारी शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या मुलाच्या सोबतीने शिक्षकाने स्वतः येऊन जावे. वाकलेला कोंब नेमका सुटीच्या दिवशीच वर यावयाचा.