मुशी आणि सुनीत

डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलास निबंध कशाला शिकवावा, असा प्रश्न एखाद्या व्यवहारी पित्याच्या मनात आला तर त्यात नवल नाही. औषधाची चिठ्ठी ती केवढी, आणि तीही वाचता येऊ नये असा तिचा लौकिक! परंतु अमेरिकेत या विद्यार्थ्याची वाट लेखनवर्गावरून जाते. तेथे शाळा संपताच वैद्यकीय महाविद्यालयात सहसा प्रवेश मिळत नाही. आधी चार वर्षे साध्या महाविद्यालयात काढून पदवी मिळवावयाची, आणि त्याच काळात रसायन, पदार्थविज्ञान व जीवशास्त्र हे विषय पुरे करावयाचे. या वाटेवरील विद्यार्थ्यास तेथे 'प्रीमेड' म्हणतात. त्याच्या पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात रसायनशाळेच्या शेजारीच बहुधा एक लेखनवर्ग मांडलेला असतो. पुष्कळांना तो वाटेतला धोंडा वाटतो. तो धोंडा नसून पायरी आहे, हे कळावयास कोणाला एक सहामाही लागते, तर कोणाला अर्धे आयुष्य.

ज्याला अर्धे आयुष्य लागले अशा एका विद्यार्थ्याची हकीगत येथे सांगण्याजोगी आहे. त्याचे नाव वॉकर पर्सी. जन्म १९१६ चा, अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरी. कोवळ्या वयातच आईबापांचे छत्र हरपले, आणि मिसिसिपी राज्यातील ग्रीनव्हिल येथे एका वडीलधाऱ्या कवी नातेवाइकाच्या ग्रंथांनी भरलेल्या घरी तो वाढला. १९३३ साली तो चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात दाखल झाला, तेव्हा नवागतांची इंग्रजीतील तयारी पाहण्यासाठी एक निबंध लिहून घेण्यात आला. त्या सुमारास विल्यम फॉकनर या कादंबरीकाराने तरुणांस वेड लावले होते. पर्सीने त्याच्या थाटात, विरामचिन्हांना रजा देऊन, निबंध लिहून टाकला. परिणाम व्हावयाचा तोच झाला. परीक्षकांनी त्याची रवानगी कच्च्या विद्यार्थ्यांच्या वर्गात केली!

हा प्रसंग ऐकून हसू येते. पण त्या मुलाला लिहिता येत नव्हते असे नाही. उणीव एवढीच होती की, कागदावर शब्द त्याचे होते आणि डोळे दुसऱ्याचे.

पुढे पर्सीने १९३७ साली रसायनशास्त्रात पदवी घेतली, आणि १९४१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून तो डॉक्टर होऊन बाहेर पडला. बेलव्ह्यू रुग्णालयात उमेदवारी करीत असता शवविच्छेदनाचे काम त्याच्याकडे आले. तेथेच, १९४२ साली, त्याला क्षयाने गाठले. स्ट्रेप्टोमायसीन अजून सापडावयाचे होते. विश्रांती हाच मुख्य उपचार होता. सॅरनॅक लेक येथील आरोग्यधामात तो दीर्घकाळ पडून राहिला. जो काल दुसऱ्यांची फुप्फुसे तपासून नोंदी करीत होता, त्याच्याच फुप्फुसांच्या नोंदी आता दुसरे कोणी करू लागले. त्या सक्तीच्या विश्रांतीत डोस्टोव्हस्की आणि किर्केगार्ड यांचे ग्रंथ वाचीत असता त्याच्या ध्यानी आले की, शास्त्र माणसांविषयी अपार सांगते. परंतु या खाटेवर पडलेला हा एक माणूस कोण, या प्रश्नाला शास्त्राच्या ग्रंथांत जागा नाही. रुग्णसेवेच्या व्यवसायाकडे तो पुढे वळलाच नाही. त्याने दोन कादंबऱ्या लिहिल्या. त्या छापल्या गेल्या नाहीत. तिसरी, 'द मूव्हीगोअर', १९६१ साली प्रसिद्ध झाली आणि १९६२ साली तिला अमेरिकेचे राष्ट्रीय ग्रंथ पारितोषिक लाभले. १९९० साली तो निवर्तला.

या कादंबरीपूर्वी तीन वर्षे, म्हणजे १९५८ साली, त्याने एक निबंध लिहिला होता. त्याच्या नावाचा अर्थ 'प्राण्याचा लोप' असा करता येईल. महाविद्यालयीन लेखनवर्गांसाठी सिद्ध झालेल्या संग्रहांतून हा निबंध पुढे वारंवार छापला गेला. ज्याला पहिल्याच निबंधाने कच्च्यांच्या वर्गात बसविले, त्याचाच निबंध लेखनवर्गातील मुलांच्या हाती पडला.

त्यातील विचार मराठी वाचकास सहज पटेल असा आहे. गिरसप्प्याचा धबधबा पाहावयास मनुष्य जातो, तो त्याची चित्रे मनात साठवूनच. समोर पाणी कोसळत असते आणि तो म्हणतो, "वा! अगदी चित्रातल्यासारखा!" किंवा पाणी उणे असेल तर फसल्यासारखे तोंड करून परततो. धबधबा त्याने पाहिला कोठे? त्याने चित्राची शहानिशा केली. पर्सीने हेच अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीविषयी म्हटले आहे. १५४० साली ती प्रथम पाहणाऱ्या स्पॅनिश प्रवाशाला जे लाभले, ते सहलीबरोबर आलेल्या आजच्या प्रेक्षकाला लाभत नाही. कारण दरीच्या आधी तिची कीर्ती येऊन उभी राहिलेली असते.

मग पर्सी प्रयोगशाळेत शिरतो. विद्यार्थ्यापुढे फळीवर एक मुशी मासा ठेवलेला असतो. हीच ती मुशी, जिला गोव्याकोकणात मोरी म्हणतात आणि जिचे विच्छेदन आपल्याकडील जीवशास्त्राच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी केले. विद्यार्थ्यास ती मुशी दिसत नाही. तिच्या जातीचा एक 'नमुना' दिसतो. पुस्तकातील आकृती खरी आणि समोरचा प्राणी तिची ओबडधोबड नक्कल, असा उलटा न्याय होऊन बसतो. काव्याच्या वर्गातही तीच गत. सुनीत समोर असते. पण त्याच्यावर टीका आणि टीपांचे इतके थर चढलेले असतात की, ते हाती लागत नाही. यावर पर्सीने सुचविलेला उपाय मोठा खट्याळ आहे. अधूनमधून जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे विच्छेदनाच्या फळीवर सुनीत ठेवावे, आणि काव्याच्या विद्यार्थ्याच्या बाकावर मुशी!

प्रीमेड विद्यार्थ्याचा लेखनवर्ग चांगला असेल, तर तो नेमके हेच करतो. एक उदाहरण कल्पावे. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या एका वृद्धाचे वर्णन करावयास सांगितले आहे. हुशार विद्यार्थी लिहितो: "वृद्ध गृहस्थ चिंताग्रस्त दिसत होते." वाक्य शुद्ध आहे. शिक्षक समासात प्रश्न लिहितो: "चिंता दिसली, की आणखी काही दिसले?" विद्यार्थी प्रथम चिडतो. मग आठवू लागतो, आणि दुसऱ्या खर्ड्यात लिहितो: "म्हाताऱ्याने खिशातून कागद काढला, घडी उलगडली, त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि तो पुन्हा खिशात घातला. असे त्याने तीनदा केले." आता लिहिणाराच थबकतो. याला वाचता येत असेल का? औषध केव्हा घ्यावयाचे हे त्या कागदावर लिहिले असेल, तर तो ते घेतो तरी कसे? 'चिंताग्रस्त' या एका शब्दाने जो प्रश्न मिटवून टाकला होता, तो साध्या वर्णनाने उघडा केला. या दोन खर्ड्यांमधले अंतर हीच त्या विद्यार्थ्याची वाढ. ती भाषेची वाढ दिसते. वस्तुतः ती लक्ष देण्याची वाढ आहे.

येथे एक आक्षेप निघेल. रोगाचे नाव हेही एक लेबलच. ते लावल्यावाचून उपचार कसा व्हावा? रक्तस्राव होत असता वैद्याने वर्णने लिहीत बसावे काय? आक्षेप रास्त आहे. नावे हवीतच, नावांच्या बळावरच वैद्यक उभे आहे. परंतु नाव हा पाहण्याचा शेवट असावा, आरंभ नसावा. घाईच्या वेळी जो अचूक पाहतो, त्याने सवडीच्या वेळी पाहण्याचा सराव केलेला असतो.

ज्या कोलंबिया विद्यापीठातून पर्सी डॉक्टर झाला, तेथेच हा विचार पुढे वैद्यकीय शिक्षणात रुजला, हा योगायोग मोठा सुंदर आहे. तेथील वैद्य रीटा शॅरन यांनी १९९३ साली आपल्या विद्यार्थ्यांस रुग्णाच्या कागदपत्रांखेरीज आणखी एक वही लिहावयास लावली. रुग्णालयाच्या नोंदीत जे बसत नाही, पण कोठेतरी लिहिलेच पाहिजे, ते या वहीत साध्या भाषेत लिहावयाचे. समोरचा म्हातारा ज्या व्याधीने खंगतो आहे तिनेच आपले आजोबा गेले, म्हणून त्याच्या खोलीत पाऊल टाकताना मन कचरते. हे नोंदवहीत कसे लिहावे? ते या दुसऱ्या वहीत लिहावयाचे आणि सोबत्यांना वाचून दाखवावयाचे. २००० साली या अभ्यासास तेथे स्वतंत्र शाखेचे रूप आले.

आपल्याकडे काय आहे? बारावीनंतर थेट वैद्यकीय शिक्षण, आणि त्याच्या दारावर 'नीट' परीक्षा. तीत चार पर्यायांतून एक निवडून वर्तुळ काळे करावयाचे. एकही वाक्य लिहावे लागत नाही. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१९ साली नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे पाठ घातले, आणि विद्यार्थ्यांनी आपल्या अनुभवावर मननपूर्वक लिहावे अशी योजना केली. योजना उत्तम आहे. मात्र एकाची वही दुसऱ्याने उतरवून घेतली, की तिचे काय होते ते सांगावयास नको.

मराठी माणसाच्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे. बेळगाव असो, इंदूर असो वा बडोदे, रोगी आपले दुखणे घरच्या भाषेत सांगतो आणि कागदावर ते इंग्रजीत उतरते. एखादी म्हातारी म्हणते, "जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जीव घाबरा होतो, बाळा." कागदावर 'अँग्झायटी' एवढाच शब्द पडला, तर तिला मन शांत ठेवण्याचा उपदेश मिळेल. तिसरी पायरी ज्याने ऐकली आणि लिहून ठेवली, तो तिचे हृदय तपासून पाहील.