घरच्या संगणकावर पाठाची चित्रफीत : साधनांची निवड
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषण)



१९१२ साली धुंडिराज गोविंद फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि इंग्लंडहून आणलेल्या कॅमेऱ्याने त्याच्या वाढीची चित्रे दिवसामागून दिवस टिपली. महिन्याहून अधिक काळ चाललेली ती वाढ पडद्यावर अगदी थोड्या वेळात दिसू लागली. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून केलेली ती फीत वस्तुतः निसर्गविज्ञानाचा एक उत्तम पाठच होती. काय दाखवावयाचे हे फाळके यांनी आधी ठरविले आणि मग साधन त्या कामास जुंपले. घरी बसून पाठांच्या चित्रफिती जुळविणाऱ्या शिक्षकासही हाच क्रम हितावह आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा अनेक शिक्षकांनी मोबाइलवर पाठ चित्रित करून मुलांकडे पाठविले. शाळा पुन्हा भरू लागल्या, तरी तो उपक्रम अनेकांनी सोडला नाही. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात संगणक मिळविणे अवघड नाही. उल्हासनगरच्या कॅम्पांतील दुकाने हाताशी आहेत आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड लोकलने गाठता येतो. अडचण आहे ती पैशाची. हा खर्च बहुधा शिक्षकाच्या पगारातून होतो, आणि खरेदी चुकली तर तिचा भार घरच्यांवर पडतो. दुकानदार प्रथम विचारतो, "किती रुपयांपर्यंतचा हवा?" शिक्षकाने मात्र विचारास आरंभ दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे चित्रफीत पाहणाऱ्या मुलाकडून करावा.

समजा, बदलापूरजवळच्या एका गावातील शिक्षकास चौथीच्या वर्गासाठी भातलावणीवर पाच मिनिटांचा पाठ तयार करावयाचा आहे. घरात मोबाइल एकच, आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर असतो. मूल पाठ पाहणार ते संध्याकाळी, त्या लहानशा पडद्यावर. तेथे १२८० गुणिले ७२० बिंदूंचे चित्र पुरेसे स्पष्ट दिसते. सेकंदास २ मेगाबिट या प्रमाणाने पाच मिनिटांची फाइल सुमारे ७५ मेगाबाइटची होते. याहून जड फाइल म्हणजे त्या घरच्या इंटरनेटवर लादलेला अधिक बोजा होय.

आता एक पाऊल मागे यावे. तयार पाठ एवढाच लागत असेल, तर चित्रण १९२० गुणिले १०८० बिंदूंत केले तरी पुष्कळ झाले. ज्यास 'फोर-के' म्हणतात, त्यात याच्या चौपट बिंदू असतात आणि संगणकाचे श्रमही त्या मानाने वाढतात. मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'एच २६४' व 'एच २६५' (एचईव्हीसी) असे पर्याय पुष्कळदा असतात. दुसरा जागा वाचवितो, परंतु ते चित्र उलगडताना जुना संगणक अडखळतो. पहिला पर्याय निवडण्यास एक पैसाही लागत नाही, आणि कधी कधी नवा संगणक घेण्याची गरजच त्यामुळे टळते. या पद्धतीच्या चित्रणास मिनिटास सुमारे १३० मेगाबाइट जागा लागते. म्हणजे अर्ध्या तासाचे चित्रण चार गिगाबाइटच्या आतबाहेर येते.

संगणकाच्याही आधी सॉफ्टवेअर ठरवावे. केडेनलाइव्ह, शॉटकट व ओपनशॉट ही विनामूल्य असून विंडोज व लिनक्स या दोहोंवर चालतात. नको तो भाग कापणे, तुकडे जोडणे, आवाज बसविणे आणि शीर्षक देणे एवढी पाठाची गरज त्यांपैकी कोणतेही एक भागवू शकते. चित्रण जड असेल, तर केडेनलाइव्ह व शॉटकटमध्ये त्याची हलकी प्रत करून तीवर काम करता येते, आणि अखेरीस मूळ चित्रच वापरले जाते. दाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्तीही समर्थ आहे. परंतु तिला १६ गिगाबाइट मेमरी व चांगले ग्राफिक कार्ड लागते. अडोबी प्रीमियरसाठी वर्गणी भरत राहावी लागते. चोरून उतरविलेली प्रत मात्र घेऊ नये. तिच्यासोबत व्हायरस येण्याचा धोका असतो, शिवाय मुलांना सचोटी शिकविणाऱ्यास ती शोभत नाही.

प्राथमिक शिक्षकाने आणखी एक कसोटी लावावी. शीर्षकाच्या जागी 'विद्यार्थी', 'उत्तर' व 'सृष्टी' हे शब्द युनिकोडमध्ये लिहून पाहावेत. रफार भलत्या अक्षरावर गेला किंवा जोडाक्षर सुटे पडले, तर अक्षरे बदलून पाहावीत. तेवढ्याने भागले नाही, तर ते सॉफ्टवेअर सोडून द्यावे. मोठा माणूस असा चुकीचा शब्द सुधारून वाचतो, पण नुकतेच वाचू लागलेले मूल पडद्यावर दिसते तेच खरे मानते.

एवढे ठरल्यावर यंत्र निवडणे सोपे होते. मेमरी ८ गिगाबाइट असली तरी काम निभते, १६ असली तर सुखाचे होते. साठवणुकीस फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी घ्यावी. तबकडी सेकंदास साधारण १०० ते १५० मेगाबाइट वाचते, तर साधी एसएसडीही ५०० च्या आसपास. घरात संगणक असेल, तर प्रथम या दोन गोष्टी वाढवून पाहाव्यात. २०११ नंतरच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरांत चित्र उलगडण्याची सोय अंगचीच असते, तेव्हा साध्या पाठांसाठी निराळे ग्राफिक कार्ड सहसा लागत नाही. वापरलेला संगणक घेताना प्रोसेसर कोणत्या पिढीचा हे पाहावे. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारणतः आठवी किंवा नंतरची पिढी लागते. त्याहून जुन्या यंत्रावर लिनक्स घालून काम भागविता येते. दुकानात जाताना स्वतःचे चित्रण पेनड्राइव्हवर न्यावे आणि ते त्याच संगणकावर चालवून पाहावे. पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

यातून काही रक्कम उरली, तर ती आवाजावर खर्चावी. अंबरनाथच्या शिवमंदिराचा पाठ घ्या. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असा काळ आहे. भिंतीवरील शिल्पे कितीही सुरेख टिपली, तरी वाऱ्यात आणि गर्दीत शिक्षकाचे शब्द हरवले, तर मुलास ना काळ कळेल, ना कथा. कॉलरला लावण्याचा साधा मायक्रोफोन पुष्कळ काम देतो. नाही तर चित्रे तेथे घ्यावीत आणि निवेदन घरी, पंखा बंद करून, ध्वनिमुद्रित करावे.

वीज हा या भागातील पावसाळ्याचा नेहमीचा प्रश्न आहे. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. टेबलावरील संगणकास यूपीएस हवा. जुलै २००५ आणि जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचे पाणी बदलापुरात घरांत शिरले, हे विसरून चालणार नाही. तेव्हा चित्रणाच्या दोन प्रती कराव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, उंचावर ठेवावी. लावणीचा हंगाम हुकला, तर ते चित्रण पुन्हा वर्षाने मिळते. मुलांचे चेहरे दिसणार असतील, तर पालकांची संमती आधी घ्यावी.

सारांश, प्रथम मूल, मग पाठ, त्यानंतर सॉफ्टवेअर आणि अखेरीस यंत्र, असा क्रम शिक्षकाने ठेवावा. नव्या खरेदीपूर्वी घरी असलेल्या संगणकावर एक पाठ पुरता करून पाहावा. तो करताना कोठे अडते हे कळले, म्हणजे पैसा नेमका कोठे घालावा हेही कळेल. संध्याकाळी वडील घरी आल्यावर मोबाइल हाती घेणाऱ्या मुलास तो पाठ विनासायास दिसला, ऐकू आला आणि समजला, तर निवड योग्य झाली असे खुशाल समजावे.