उशाशी एक माणूस

१९५२ च्या ऑगस्टमध्ये डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगन येथे, पोलिओची भयंकर साथ उसळली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडाम रुग्णालयात रोज येऊ लागले. त्यांत मुले पुष्कळ होती. कृत्रिम श्वसनाची यंत्रे मात्र बोटांवर मोजण्याइतकीच. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी उपाय सुचविला : गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवावी आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरावी. वैद्यक व दंतवैद्यक शिकणारे सुमारे १,५०० विद्यार्थी अहोरात्र पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसले. नळीमुळे रुग्णाला बोलता येत नसे. त्याच्या मुद्रेवरूनच त्याला काय हवे ते जाणावे लागे. मृत्यूचे प्रमाण निम्म्याने तरी घटले. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम तो हा.

पुढे हाताचे काम यंत्राकडे गेले. ते योग्यच झाले, कारण यंत्र थकत नाही. परंतु पिशवी दाबणाऱ्या हाताबरोबर उशाशी बसलेला माणूसही उठून गेला. यंत्राला नाडी कळते, माणूस कळत नाही. गुंगीत व भ्रमात गेलेले दिवस रुग्णाला पुढे आठवत नाहीत. आठवतात ती भयस्वप्ने.

ही पोकळी भरून काढण्यासाठी स्कँडिनेव्हियातील परिचारिकांनी रुग्णाची दैनंदिनी लिहावयास आरंभ केला. आज काय झाले, कोण भेटून गेले, हे साध्या शब्दांत लिहावयाचे आणि बरे झाल्यावर ती वही रुग्णाच्या हाती द्यावयाची. सहा युरोपीय देशांतील ३५२ रुग्णांच्या अभ्यासात, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, वही मिळालेल्यांपैकी ५ टक्क्यांना, तर न मिळालेल्यांपैकी १३ टक्क्यांना आघातोत्तर मनोविकार जडला. २०१९ च्या फ्रान्समधील मोठ्या अभ्यासात मात्र असा लाभ दिसला नाही. तेव्हा दैनंदिनी हे हुकमी औषध नव्हे.

तरीही तिच्यामागील दृष्टी खोटी ठरत नाही. चेन्नईच्या किंवा कोलकात्याच्या रुग्णालयात एखादे मराठी आजोबा शुद्धीवर येतात. त्यांचा चष्मा व कर्णयंत्र कपाटात असते. भोवतालची भाषा अनोळखी असते. ते घाबरून नळ्या ओढू लागतात, तेव्हा हात बांधण्याचा विचार होतो. अशा वेळी चष्मा डोळ्यांवर चढवावा, कर्णयंत्र कानात घालावे, आणि घरचे ज्या नावाने हाक मारतात ते विचारून, कागदावर लिहून, उशाशी लावावे. परप्रांतीय परिचारिकेने त्या कागदावरून वाचून 'आबा' म्हटले, तरी कदाचित आजोबांचा हात थांबेल. याला खर्च नाही. रुग्णाला ओळखण्याची इच्छा मात्र हवी.