पोच आणि हमी



कारखान्याच्या मागील दालनात अहोरात्र चालणाऱ्या आणि बिघाड झाल्यावाचून कोणाच्या दृष्टीस न पडणाऱ्या कामाचा विचार करण्यासाठी आपण घिवली या समुद्रकाठच्या गावी जमलात आणि संमेलनाचे अध्यक्षपद मजकडे सोपविलेत, हा मी माझा सन्मान समजतो. शेजारी तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ पासून वीज देत आहे, अलीकडच्या बाजूला बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे, रसायनांचे, कापडाचे कारखाने आहेत. आणि या कारखान्यांचे जे दप्तर पूर्वी कपाटांत राहत असे, ते आता बहुतांशी नेटवर्कवरील सर्व्हरच्या डिस्कवर राहते. म्हणूनच, सर्व्हरची नवी आवृत्ती चढविल्यावर फाइल वाचण्या-लिहिण्याचा वेग वाढला की घटला, हा आपणांस मालकांकडून वारंवार विचारला जाणारा प्रश्न मी आजच्या भाषणाचा विषय केला आहे.

या प्रश्नाचे उत्तर आपण सामान्यतः एका आकड्यात देतो, आणि तेथेच घोटाळा सुरू होतो. गिगाबिट तारेवरून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट जाऊ शकतात. परंतु चौसष्ट किलोबाइटचा एक तुकडा पाठवून त्याची पोच येईपर्यंत स्वस्थ बसायचे आणि जाण्यायेण्याच्या एका फेरीला एक मिलिसेकंद लागायचा, असे असेल तर तार कितीही रिकामी असो, सेकंदाला चौसष्ट मेगाबाइटांच्या पलीकडे मजल जाणार नाही. जुन्या कचेरीतील दक्ष कारकून एका लखोट्याची पोच हाती आल्यावाचून दुसरा लखोटा शिपायाकडे देत नसे. नेटवर्कवरून फाइली वाचण्या-लिहिण्याची विंडोजची बोली म्हणजे एसएमबी; विंडोज सर्व्हर २००३ च्या काळातील तिच्या पहिल्या आवृत्तीचा कारभार बहुतांशी याच रीतीचा होता. २००८ च्या सर्व्हरबरोबर आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने शंभरांहून अधिक आज्ञांचा पसारा एकोणीस आज्ञांवर आणला, अनेक विनंत्या एकत्र बांधून पाठविण्याची सोय केली, आणि पहिलीची पोच येण्यापूर्वीच पुढच्या विनंत्या रवाना करण्याचा रिवाज मुक्रर केला. २००८ आर-टू मध्ये एका विनंतीत एक मेगाबाइटपर्यंत मजकूर मावू लागला, आणि २०१२ मध्ये एकाच जोडणीचे काम एकाहून अधिक नेटवर्क-कार्डांवर वाटण्याची व्यवस्था झाली. डिस्क तीच असतानाही अनेकांना जो वेग वाढलेला दिसला, त्याचा मोठा हिस्सा वाट पाहण्याच्या काळात झालेल्या या बचतीचा आहे.

मात्र २०१६, २०१९, २०२२ आणि २०२५ या चारही सर्व्हरांची एसएमबी-बोली एकच आहे, ३.१.१. तेव्हा २०१६ वरून २०१९ वर गेल्याने वेग कमी झाला अशी तक्रार जेव्हा माझ्यासमोर येते, तेव्हा मी प्रथम आवृत्तीला निर्दोष धरून नेटवर्क-कार्डाचा ड्रायव्हर, अँटिव्हायरसची तपासणी, आणि जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरांतील मेल्टडाऊन व स्पेक्टर हे दोष उघडकीस आल्यावर आलेल्या दुरुस्त्या यांची झडती घेतो. दुसरे असे की, बोलणी नेहमी दोन्ही पक्षांना समजणाऱ्या सर्वांत वरच्या बोलीत होतात. सर्व्हर २०२२ चा असला तरी समोरच्या यंत्राला जोडलेला पीसी विंडोज ७ चा असेल, तर कारभार २.१ या जुन्या बोलीतच चालायचा. आपल्या भागातील किती प्रयोगशाळांत असे पीसी अद्याप चालू आहेत, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे.

प्रयोगशाळेचा विषय निघाला म्हणून एक प्रकरण तपशिलाने सांगतो. एका औषध-कारखान्यात नवा सर्व्हर आल्यावर पुरवठादाराने चार गिगाबाइटची एक फाइल कॉपी करून दाखविली आणि वेग दुप्पट झाल्याचे कागदावर लिहून दिले. सर्व्हरची रॅम चौसष्ट गिगाबाइटची होती; म्हणजे वाचताना ती फाइल रॅममधूनच येत होती, आणि ज्या डिस्कची परीक्षा घ्यायची तिला कोणी हातही लावला नव्हता. शिवाय जुनी डिस्क काठोकाठ भरलेली व तिच्यावर अँटिव्हायरस चालू, तर नवी रिकामी व अँटिव्हायरस अजून बसवायचा होता. पण सर्वांत मोठी गफलत निराळीच होती. त्या प्रयोगशाळेचे खरे काम चार गिगाबाइटच्या एका फाइलचे नव्हतेच. नमुन्यांचे रासायनिक पृथक्करण करणाऱ्या एचपीएलसी यंत्रांतून प्रत्येक नमुन्यामागे बाहेर पडणाऱ्या लहान लहान फाइलींचे होते. एक लहान फाइल उघडणे, लिहिणे, तिचे गुणधर्म नोंदविणे व बंद करणे यांस मिळून सहा फेऱ्या धरल्या आणि फेरीस अर्धा मिलिसेकंद धरला, तर एक लाख फाइलींना पाच मिनिटे निव्वळ वाट पाहण्यात जातात. त्याच फाइली मुंबईच्या मुख्य कचेरीतील सर्व्हरवर पाठवायच्या आणि फेरीस दहा मिलिसेकंद लागायचे असतील, तर तेवढ्याच कामाला एक तास चाळीस मिनिटे लागतात. तेथे डिस्क कितीही वेगवान आणली तरी उपयोग शून्य. रोज संध्याकाळी बॅकअप संपण्याची वाट पाहत खोळंबणाऱ्या त्या प्रयोगशाळेतील मुलींना हे कोणीच समजावून सांगितले नव्हते, याचे मला फार वाईट वाटले.

आता मी ज्या मुद्द्यासाठी उभा आहे त्याकडे वळतो. पोच किती लवकर आली हे आपण मोजतो. परंतु ती पोच कशाची आहे, हे आपण विचारत नाही. लिनक्सवरील एनएफएस या फाइल-वाटपाच्या पद्धतीत याचे उदाहरण फार स्वच्छ आहे. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत मूळ मांडणी 'असिंक' होती, म्हणजे मजकूर डिस्कवर उतरण्यापूर्वीच सर्व्हर 'मिळाला' असे कळवून मोकळा होई. पुढे मूळ मांडणी 'सिंक' झाली, आणि मजकूर स्थिर जागी पोहोचल्यावरच पक्की पोच द्यावयाची, असा दंडक पडला. ज्यांनी मांडणीची फाइल न वाचता नवी आवृत्ती चढविली, त्यांना सर्व्हर एकाएकी मंदावल्यासारखा वाटला आणि त्यांनी नव्या आवृत्तीला दोष दिला. वस्तुतः जुन्या सर्व्हरचा वेग हा उसनवारीचा होता: भर पावसाळ्यात वीज गेली आणि यूपीएसने दगा दिला, तर पोच दिलेला मजकूर कोठेच सापडला नसता. एका बाजूला असिंक आणि दुसऱ्या बाजूला सिंक ठेवून काढलेल्या दोन आकड्यांची तुलना मी तुलनाच मानीत नाही, कारण दोन्ही बाजूंनी दिलेली हमी एक नाही.

हीच गोष्ट स्वाक्षरीची, म्हणजे पॅकेट वाटेत कोणी बदलले नाही याच्या खुणेची. विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये बाहेर जाणाऱ्या एसएमबी-जोडणीवर स्वाक्षरी मूळ मांडणीतच सक्तीची आहे, आणि प्रत्येक पॅकेटवर स्वाक्षरी करायची म्हणजे प्रोसेसरला काम पडणारच. ते वाचविण्यासाठी स्वाक्षरी बंद करा, किंवा जुन्या पीसीच्या सोयीसाठी एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू करा, असा सल्ला देणारे लोक मला भेटतात, आणि मी त्यांना जून २०१७ ची आठवण करून देतो. त्या पहिल्या आवृत्तीतील दोषावर मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दुरुस्ती दिली होती. तरीही मे महिन्यात वॉनाक्राय आणि जूनमध्ये नॉटपेट्या हे घातकी प्रोग्राम जगभर पसरले, आणि आपल्याच किनाऱ्यावर, न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प होऊन कंटेनरांचे ट्रेलर खोळंबले. मिळविलेल्या वेगाच्या जमेसमोर हा खर्च मांडल्यावाचून ताळेबंद पुरा होत नाही.

विंडोज सर्व्हर २०१६ ची विस्तारित मदतीची मुदत १२ जानेवारी २०२७ रोजी संपते आहे, आणि आपल्या वसाहतीतील अनेक कारखान्यांस तोपर्यंत स्थलांतर करावे लागेल. माझी आग्रहाची सूचना आहे की, जुना सर्व्हर बंद करण्यापूर्वी त्याची मोजदाद आपल्याच फाइलींनी, आपल्याच कामाच्या वेळी, आणि रॅमपेक्षा मोठ्या संचावर करावी. सरासरीबरोबर सर्वांत मंद फेरीचीही नोंद घ्यावी. एका वेळी एकच बाब बदलावी, आधी त्याच यंत्रावर आवृत्ती, मग डिस्क, मग कार्ड. आणि प्रत्येक आकड्यापुढे बोली, स्वाक्षरी, सिंक की असिंक, अँटिव्हायरस चालू की बंद, हे रकाने भरल्याखेरीज तो आकडा दप्तरी दाखल करू नये. लहान कारखान्यांकडे यासाठी वेगळा माणूस नसतो, हे मी जाणतो. त्यांच्यासाठी मोठ्या कारखान्यांतील आपणांपैकी कोणी महिन्यातील एक शनिवार द्यावा, आणि रुजुवात झालेल्या नोंदी सर्वांस पाहावयास मिळतील अशा एकाच वहीत ठेवाव्यात. तसा ठराव दुपारच्या बैठकीत मांडण्याची अनुज्ञा मी स्वागताध्यक्षांकडे मागतो, आणि त्या वहीतील पहिली नोंद करण्याची जबाबदारी मी स्वतःकडे घेतो.