ग्रंथालयातील शेरा आणि अभिप्राय



कचेरीच्या व्यवहारात 'शेरा' हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. शेरा लिहिला जातो, फाइलीत जातो. आणि ज्याच्याविषयी तो लिहिला गेला त्याला तो कधी कळतो, कधी कळतही नाही. अभिप्रायाचे तसे नाही. तो ज्याचा त्याला, वेळेवर आणि समोरासमोर सांगावयाचा असतो व त्यावर त्याचे म्हणणेही ऐकून घ्यावयाचे असते. ग्रंथालयाच्या कारभारात या दोहोंची गल्लत फार होते आणि तिची झळ बहुधा कनिष्ठ सेवकालाच लागते.

धरमपेठेतील एखाद्या वाचनालयाची सायंकाळ डोळ्यांपुढे आणावी. नागपूरचे ऊन कलले की वृत्तपत्रांच्या टेबलाभोवती सेवानिवृत्त मंडळी जमतात, अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी जागा धरून बसलेले असतात आणि देवघेवीच्या टेबलापाशी सहा ते आठ या वेळात रांग लागते. परत आलेली पुस्तके बाजूला साचत जातात. चार दिवसांनी एक वाचक तक्रार करतो की, तालिकेत पुस्तक आहे, पण कपाटात नाही. ग्रंथपाल सर्वांदेखत सहायकास म्हणतात, "तुमचे कामात लक्ष नसते."

या वाक्यात माहिती काहीच नाही. काय चुकले, केव्हा चुकले, त्याने कोणाची अडचण झाली, यांपैकी काहीही त्यातून कळत नाही; पोहोचतो तो केवळ अपमान. तेच ग्रंथपालांनी दुसऱ्या दिवशी, वाचक येण्यापूर्वी, असे सांगितले असते तर? "सोमवारी परत आलेली वीस-पंचवीस पुस्तके गुरुवारपर्यंत कपाटात गेली नव्हती. दोन वाचक रिकाम्या हाताने परत गेले. असे का झाले?" यातील शेवटच्या प्रश्नाला फार मोल आहे. त्याचे उत्तर असेही येऊ शकते की, "साहेब, सहानंतर मला वृत्तपत्र विभागात बसवतात, पुस्तके लावायला माणूसच उरत नाही." म्हणजे दोष कामाच्या वाटपाचा निघाला, आणि ते वाटप खुद्द ग्रंथपालांनीच केलेले! अभिप्राय असा उलटून आपल्याकडे येऊ देण्याची तयारी नसेल, तर प्रश्न न विचारलेलाच बरा.

आता हेच प्रकरण न विचारता, न सांगता पुढे गेले असते तर काय झाले असते? अनुदानावर चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांत सेवकांचे वेतन तुटपुंजे असते आणि त्यांचे भवितव्य कार्यकारी मंडळाच्या हाती असते. "त्याचे लक्ष नसते" एवढे एकच वाक्य कार्यवाहांच्या कानी गेले, तर वेतनवाढीच्या वेळी ते आडवे येते. सहायकाला मात्र आपले काय चुकले याचा पत्ताही नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २००८ साली दिलेला निर्णय या दृष्टीने मुद्दाम वाचण्याजोगा आहे. सीमा रस्ते सेवेतील या अभियंत्याच्या गोपनीय अहवालात एका वर्षी 'चांगला' अशी नोंद होती. बढतीसाठी 'अतिशय चांगला' ही श्रेणी लागत होती, म्हणून बढती हुकली. नोंद प्रतिकूल नव्हती, म्हणून ती कळविण्याचे कारण नाही, असा शासनाचा पक्ष होता. न्यायालयाने तो मानला नाही. नोंद बरी असो वा वाईट, ती लोकसेवकास वाजवी मुदतीत कळविलीच पाहिजे आणि तिच्याविरुद्ध दाद मागण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. हा निर्णय लोकसेवकांविषयीचा असला, तरी खाजगी संस्थेने चालविलेल्या वाचनालयालाही तोच न्याय शोभतो.

अभिप्राय घेण्याचीही एक रीत आहे. ऐकताच खुलासे देऊ लागू नये. प्रथम एखादे उदाहरण विचारावे, टिपून घ्यावे. आणि वस्तुस्थिती निराळी असेल तर ती नंतर शांतपणे, नोंदवहीच्या आधाराने मांडावी. मान खाली घालून सर्व काही कबूल करणे म्हणजे नम्रता नव्हे. हा नियम वरिष्ठांनाही लागू आहे. सर्वांत वरच्या फळीवरील पुस्तके वाचकांचा हात पोहोचत नाही म्हणून पडून राहतात, ही गोष्ट शिपायाला ग्रंथपालांच्या आधी ठाऊक असते; त्याला कोणी विचारत नाही, इतकेच. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांपैकी चौथा वाचकाचा वेळ वाचविण्याविषयीचा आहे. तो वेळ कोठे वाया जातो, हे मांडणी करणाऱ्या हातांना अचूक कळते.

प्रशंसेच्या बाबतीत तर आपली मंडळी फारच काटकसरी. जीर्ण दाखलनोंद वही उतरवून काढणाऱ्या लिपिकाला त्या कामाचे नाव घेऊन दोन शब्द सांगितले, तर त्याला कोणताही खर्च येत नाही.

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या 'ड' वर्गाच्या खेड्यातील वाचनालयात बहुधा एकच सेवक असतो. तोच ग्रंथपाल, तोच लिपिक, तोच झाडणारा. त्याला अभिप्राय देणारे म्हणजे वाचक, शिक्षक आणि पंचायत सदस्य. तेथे अभिप्रायाची वही दोऱ्याने टेबलाला बांधून ठेवली म्हणजे काम झाले, असे नाही. वहीचे डावे पान वाचकासाठी आणि उजवे सेवकाच्या उत्तरासाठी असावे. दर महिन्याच्या सभेत ती वही उघडावी, सेवकाला खुर्ची देऊन बसवावे आणि उजव्या पानापासून वाचावयास सुरुवात करावी.